टॅबचे खोके दुकानात उघडा, खाते मात्र घरी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत वह्या, दप्तरे आणि रेनकोटांच्या जाहिरातींना लागूनच सात-आठ हजारांपासून बारा हजारांपर्यंतच्या अँड्रॉइड टॅबच्या जाहिराती येऊ लागतात, आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत आमच्या वाचनालयात टॅब काखेत मारून येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे बसतो आणि अलीकडे पुस्तकांपेक्षा टॅबच्याच शंका अधिक ऐकतो. त्या आधारे दोनच गोष्टी आपल्या वाचकांपुढे ठेवाव्यात, असे मनात आले. टॅब घेतला त्या दिवशी त्याचे गूगल खाते दुकानात उघडून घेऊ नये, ही पहिली. कव्हर आणि काच सोडून दुसरी कोणतीही अ‍ॅक्सेसरी त्याच दिवशी विकत घेऊ नये, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीमागे एक घडलेला प्रसंग आहे. आमच्या सभासद असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने नातवासाठी आणि स्वतःसाठी मिळून एक टॅब घेतला. काउंटरवरचा मुलगा मनमिळाऊ होता. “काकू, मी सगळं चालू करून देतो, तुम्हाला घरी काही करायला नको,” असे म्हणून त्याने दहा मिनिटांत नवे गूगल खाते काढले, त्याला बाईंचे नाव आणि पुढे चार आकडे जोडले, आणि ओटीपी चटकन हाती यावा म्हणून मोबाइल क्रमांक स्वतःचा दिला. पासवर्ड काय ठेवला, हे त्याने सांगितले नाही आणि बाईंनीही विचारले नाही. तीन महिने सगळे सुरळीत चालले. मग नातवाने पडद्याचे पॅटर्न बदलले, दुसऱ्या दिवशी ते त्यालाच आठवेना, आणि शेजारच्या एका हुशार मुलाने बाजूची बटणे दाबून टॅब मुळापासून रिसेट केला. टॅब पुन्हा सुरू झाला तो थेट जुने खाते आणि जुना पासवर्ड मागतच. तोवर दुकानातला तो मुलगा नोकरी सोडून गेलेला होता.

यात टॅब बिघडलेला नव्हता, हे सांगायला हवे, कारण बाईंचा आणि बऱ्याच जणांचा तसा समज झाला. चोराने टॅब नेऊन कोरा करून विकू नये यासाठी अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ५.१ या आवृत्तीपासून, ही सोय आहे. आतले खाते आधी न काढता बाहेरून रिसेट केला, तर आधीच्या मालकाची ओळख पटल्याशिवाय टॅब पुढे सरकत नाही. बाईंच्या बाबतीत कुलपाने आपले काम चोख केले. किल्ली तेवढी परक्याच्या खिशात होती. अखेर खरेदीचे बिल दाखवून सेवा केंद्रातून टॅब मोकळा करून घ्यावा लागला, त्यात तीन आठवडे गेले आणि आतले फोटो तर रिसेट केला तेव्हाच गेले होते. बिल जपून ठेवलेले होते म्हणून एवढ्यावर भागले. जुना टॅब विकत घेणाऱ्यांनी तर पहिल्या मालकाला समोर बसवून त्याचे खाते त्याच्याच हाताने काढायला लावावे आणि मगच पैसे मोजावेत. टॅब सिमकार्डाचा असेल, तर *#०६# दाबून त्याचा आयएमईआय, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक पाहावा आणि रोमन अक्षरांत ‘केवायएम’ लिहून, थोडी जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवावा. त्या क्रमांकाची नोंद काय सांगते, ते कळते.

दुकानात खोके जरूर उघडावे. पडद्यावर कुठे मेलेला ठिपका आहे का, दोन्ही बाजूंनी आवाज येतो का, चार्जरची पिन घट्ट बसते का, हे काउंटरवरच पाहून घेतलेले बरे. सेटिंगमध्ये शेवटी टॅबविषयीचे पान असते. तिथे मॉडेल क्रमांक, अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची तारीख दिसते. ती तारीख दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल, तर हा टॅब पुढे अपडेट मिळण्याच्या आशेवर घेऊ नये. खोक्यावर ‘८ जीबी’ असे ठळक छापून खाली बारीक अक्षरात ‘४+४’ लिहिलेले असेल, तर खरी रॅम चारच जीबीची समजावी; उरलेली चार साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली असते आणि उसन्या रॅमला मूळ रॅमचा वेग नसतो. पडद्याचेही तसेच. १२८० × ८०० हा आकडा आठ इंची टॅबवरही असतो आणि दहा इंचीवरही. पण आठ इंचांत दर इंचाला सुमारे १८९ ठिपके येतात आणि १०.१ इंचांत तेच १४९ वर उतरतात. सिनेमा पाहताना हा फरक जाणवत नाही, देवनागरी वाचताना जाणवतो. ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’ सारखे जोडाक्षर मोठ्या पडद्यावर अधिक स्वच्छ दिसेल अशी आपली अपेक्षा असते, आणि कमी ठिपक्यांच्या मोठ्या पडद्यावर त्याच्या कडा उलट पिसारतात. ज्यांना ई-बालभारतीवरची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात वाचायची आहेत, त्यांनी एखादे पान दुकानातच उघडून दाखवायला सांगावे.

एवढे पाहून झाले की टॅब बंद करून घरी आणावा. पहिली संध्याकाळ सावकाशीची असावी, आणि ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शक्यतो काढू नये. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या घरात नवा टॅब हॉटस्पॉटला जोडला, तर तो आधी स्वतःच्या आणि आत भरून आलेल्या अ‍ॅपच्या अपडेटवर ताव मारतो. अर्ध्या तासात डेटा संपतो, अपडेट अर्धवट राहतात, आणि मग ‘पहिल्याच दिवशी टॅब हँग होतो’ अशी तक्रार घेऊन माणूस आमच्याकडे येतो. वाय-फाय असलेल्या नातलगाच्या घरी एक रात्र टॅब चार्जिंगला लावून ठेवला, तर सकाळी तोच टॅब बरा चालतो. खाते काढताना क्रमांक स्वतःचा द्यावा आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. पासवर्ड कागदावर लिहू नये, असे शहाणी माणसे सांगतात. पण साठीच्या पुढच्या माणसाने तो लिहून ठेवण्यात जितका धोका आहे, त्याहून अधिक तो विसरण्यात आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. तेरा वर्षांखालच्या मुलासाठी स्वतःच्या नावाचे खाते उघड्यावर सोडण्यापेक्षा ‘फॅमिली लिंक’मधून मुलाचे वेगळे खाते काढावे. त्यात वेळेची मर्यादा घालता येते आणि कोणते अ‍ॅप यावे, याची परवानगी आपल्या फोनवरून देता येते.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल रोज विचारणा होते. सिम नसलेल्या टॅबवरही ते चालते. फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून टॅबवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की झाले, आणि एका खात्याला अशी चार उपकरणे जोडता येतात. मात्र मूळ फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला नाही, तर जोडलेली उपकरणे आपोआप बाहेर पडतात. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आणि जुना फोन कपाटात बंद करून ठेवलेल्या एका गृहस्थांना हे तिथे कळले. लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून एपीके फाइल, म्हणजे उघडताच नवे अ‍ॅप चढवू पाहणारी फाइल आली, तर ती टॅबवरही उघडू नये. टॅबवर बँकेचे अ‍ॅप नसले तरी व्हॉट्सअ‍ॅपचे खाते तेच असते.

आता अ‍ॅक्सेसरीज. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नऊ हजारांच्या टॅबबरोबर कीबोर्डचे कव्हर, पेन, इअरफोन, मोठे कार्ड, ‘फास्ट’ चार्जर आणि तीन टोकांची केबल असा अडीच-तीन हजारांचा मसाला एकाच बिलावर घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातला निम्मा माल महिनाभरात ड्रॉवरमध्ये गेलेला पाहिला आहे. पंधरा दिवस टॅब नुसता वापरला की आपल्याला काय लागते, ते टॅबच सांगतो. कव्हर आणि काच यांना पर्याय नाही, कारण हलक्या टॅबचा पडदा पहिल्याच आठवड्यात फुटण्याची भीती खरी असते. पण तेही नावावरून न घेता मॉडेल क्रमांकावरून घ्यावे. एकाच नावाच्या टॅबच्या दोन वर्षांच्या आवृत्त्यांत कॅमेऱ्याचे भोक अर्धा सेंटिमीटर सरकलेले असते. कव्हर मिटले की पडदा विझतो, असे सांगून चुंबकाचे महाग कव्हर गळ्यात मारले जाते. पण टॅबमध्ये तो चुंबक ओळखणारा सेन्सरच नसेल, तर कव्हर मिटलेले आणि पडदा आत जळत असलेला, अशी गंमत होते.

चार्जर आणि केबल या विषयावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच सुटतात. एका सभासदांचा टॅब ‘रात्रभर लावला तरी भरत नाही’ अशी तक्रार होती. चार्जर पाहिला तर तो त्यांच्या जुन्या साध्या फोनचा. भिंगाखाली धरून त्यावरची ‘आउटपुट’ची ओळ वाचली तेव्हा पाच व्होल्ट, एक अँपिअर दिसले, म्हणजे गुणाकार करून पाच वॅट. त्यांच्या टॅबच्या ५,१०० एमएएच बॅटरीत साधारण वीस वॅट-तास वीज मावते. तेव्हा टॅब बंद ठेवून नुसत्या हिशेबानेच चार तास हवेत, आणि उष्णतेत वाया जाणारी वीज धरली तर पाचाच्या वर. हे गृहस्थ मात्र टॅब चार्जिंगला लावून कीर्तने लावत आणि ती ऐकत ऐकत झोपी जात, म्हणजे एका नळाने हौद भरायचा आणि दुसऱ्याने रिकामा करायचा. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा, म्हणजे दहा वॅटचा चार्जर आणि जरा जाड केबल दिल्यावर तक्रार मिटली. टॅबला दहा वॅटच घेता येत असतील, तर तेहतीस किंवा पासष्ट वॅटच्या चार्जरने तो लवकर भरत नाही. जास्तीचे पैसे तेवढे जातात. चार्जर घेताना वॅटच्या आधी त्यावर ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ अंकी क्रमांक असलेले भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घालून खरा आहे का, ते तपासावे. हे काम दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटात होते.

केबलीची एक खोड फारच थोड्यांना माहीत असते. वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि माहिती नेणाऱ्या तारा वेगळ्या. पन्नास-साठ रुपयांच्या काही केबलींत दुसऱ्या प्रकारच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीने टॅब चार्ज होतो, पण संगणकाला जोडला तर संगणकाला तो दिसत नाही आणि दोष टॅबवर येतो. याच्या उलटही घडते. काही स्वस्त टॅबना टाइप-सीचे छिद्र असते, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलीने ते चार्जच होत नाहीत, खोक्यातल्या जुन्या चपट्या टोकाच्या केबलीने मात्र होतात. समोर कोणी वीज घेणारे आहे की नाही, हे नवा चार्जर त्या छिद्रातल्या दोन बारीकशा रोधकांवरून ओळखतो, आणि बनवणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी ते रोधकच गाळलेले असतात. असा टॅब नशिबी आला, तर खोक्यातली केबल दागिन्यासारखी जपावी, दुसरे काय.

मेमरी कार्डात फसवणूक सर्वांत जास्त. तीनशे रुपयांत ५१२ जीबीचे कार्ड मिळत नसते. त्यात खरी जागा थोडीच असते आणि आकडा तेवढा मोठा दाखवण्याची करामत आत केलेली असते, त्यामुळे खरी जागा संपल्यावर नव्या फाइली जुन्यांवर चढतात आणि फोटो अर्धे राखाडी होऊन उघडतात. नवे कार्ड संगणकावर एकदा पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय त्यावर घरातले फोटो ठेवू नयेत. कार्डावर १० हा अंक असलेला गोल आणि ‘ए१’ हे चिन्ह असावे, ही दोन्ही वेगाची खूण. कार्ड घातल्यावर काही टॅब विचारतात, की ते अंतर्गत साठवण म्हणून वापरायचे की सुटे. ‘अंतर्गत’ म्हटले, तर टॅब कार्ड पुसतो, कुलूपबंद करतो, आणि पुढे ते दुसऱ्या कोणत्याही यंत्रात वाचता येत नाही. घरच्या वापराला सुटेच ठेवावे. अ‍ॅप बहुधा त्यावर जात नाहीत, पण व्हिडिओ, पाठ्यपुस्तके आणि कीर्तने जातात, आणि जागा मुख्यतः तीच खातात.

पेनाविषयी थोडेसे. २०११ च्या ऑक्टोबरात दिल्लीत मोठ्या थाटात ‘आकाश’ टॅब आला होता, हे आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. सात इंची पडदा, २५६ एमबी रॅम, आणि पडदा दाबाचा, म्हणजे नखाने किंवा कुठल्याही टोकाने दाबला तरी चालणारा. आजचे पडदे दाबावर चालत नाहीत, त्यांना बोटासारखा विद्युत स्पर्श लागतो. म्हणून रबरी टोकाचे शंभर रुपयांचे पेन कोणत्याही टॅबवर चालते, पण लिहिताना टेकलेला तळहातही पडद्याला बोटच वाटतो आणि अक्षरांमधून रेघोट्या उमटतात. बारीक टोकाचे महाग पेन त्याच्याशी जुळणाऱ्या पडद्यावरच चालते, आणि स्वस्त टॅबमध्ये तो पडदा क्वचितच असतो. मुलाने टॅबवर गणिते सोडवावीत या हेतूने पेन घेणाऱ्यांनी आधी दुकानात एक त्रैराशिक त्यावर लिहून पाहावे.

याउलट शंभर-सव्वाशे रुपयांचा ओटीजी जोड, म्हणजे टॅबच्या चार्जिंगच्या छिद्राला यूएसबीची उपकरणे लावून देणारा जोड, हा माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित तुकडा आहे. ज्या टॅबमध्ये ओटीजीची सोय आहे, त्याला या जोडाने पेन ड्राइव्ह लागतो (‘फॅट-३२’ स्वरूपात फॉरमॅट केलेला लावावा), कीबोर्ड लागतो आणि संगणकाचा साधा माऊसही लागतो. कंपवातामुळे ज्यांचे बोट पडद्यावर एका जागी टेकत नाही, अशा आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना मी घरातला जुना माऊस जोडून दिला. पडद्यावर बाण उमटला तेव्हा ते म्हणाले, “अहो, हा तर आमच्या कचेरीतला!” आणि त्या दिवसापासून ते स्वतःचे वर्तमानपत्र स्वतः उघडून वाचतात. टंकलेखनासाठी मात्र त्यांना कीबोर्ड घ्यायला मी सांगितले नाही. ‘जीबोर्ड’मध्ये मराठी भाषा जोडून माइकचे चिन्ह दाबले की बोललेले मराठीत उमटते, विरामचिन्हे नंतर घालावी लागतात, एवढेच.

शाळेसाठी टॅब घेणाऱ्यांना आणखी एक सांगतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपने वाचायचा असतो, आणि कितीतरी स्वस्त टॅबच्या कॅमेऱ्याला जवळचे स्पष्ट दिसत नाही, कारण त्याची भिंग जागच्या जागी खिळलेली असते. मूल कोड वाचावा म्हणून टॅब पुस्तकाच्या आणखी जवळ नेते आणि चित्र आणखी धूसर होते. एक वीत मागे घेतला की बहुतेक वेळा कोड वाचला जातो. या एका कारणासाठी टॅब बदलून घ्यायला निघालेले पालक मी दोनदा दुकानाच्या वाटेवरून परत आणले आहेत. ओटीटीवर मराठी नाटके पाहायची असतील, तर टॅबचा ‘वाइडवाइन’ (चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा) दर्जा एल-१ आहे ना, हेही विचारावे. तो एल-३ असेल, तर पडदा कितीही चांगला असला तरी काही मोठ्या सेवांवर चित्र साध्या दर्जाचेच मिळते.

यातले काहीच खोक्यावर मराठीत लिहिलेले नसते, आणि त्यात दुकानदाराचा दोष नाही. वेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या केंद्रीय नियमांत वेष्टनावरचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, असे आहे. अन्य भाषा जोडीला वापरण्यास मुभा आहे, सक्ती नाही. मुभा आहे तर उत्पादकांनी आणि निदान जिल्ह्यातल्या मोठ्या विक्रेत्यांनी अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी खोक्यात घालायला काय हरकत आहे? खरी रॅम किती, चार्जर किती वॅटचा, सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, सेवा केंद्र कोणत्या गावी आहे, आणि खाते स्वतःच्या क्रमांकावरच उघडा, एवढी पाच वाक्ये पुरेत. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक तळाशी छापला, तर उत्तमच.

आपल्याकडेही एक विनंती आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात टॅबच्या जाहिराती ज्या पानावर येतात, त्याच पानावर एक छोटी चौकट या माहितीसाठी द्यावी. मजकूर मी लिहून देईन, आणि त्यातले काही चुकले असेल, तर दुरुस्त करायला या विषयातले जाणकार वाचक आपल्याकडे आहेतच. आमच्या वाचनालयाच्या सूचनाफलकावर असा एक हस्तलिखित कागद वर्षभर लावलेला आहे, पण तो वाचायला लोक टॅब घेऊन झाल्यावर येतात.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सातारा